प्रेक्षकाला ठाऊक असलेला खून

मराठीत 'देवमाणूस' हा शब्द कोणी स्वतःविषयी वापरीत नाही. तो एकाने दुसऱ्याविषयी, बहुधा तिसऱ्याजवळ उच्चारावयाचा शब्द आहे. पुष्कळदा तर तो माणूस गेल्यावर, भूतकाळी क्रियापद जोडून. 'संत', 'महात्मा' ह्या शब्दांना परंपरेची किंवा लोकमान्यतेची साक्ष लागते. 'देवमाणूस' ह्या शब्दाला एका माणसाचा एक अनुभव पुरतो. अडल्या वेळी रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर, हातउसने दिलेले पैसे पुन्हा न मागणारा दुकानदार, पोराची फी कोणाला न सांगता भरणारा मास्तर अशी खेड्यातील देवमाणसांची यादी साधारणपणे असते. ह्या शब्दात साठलेला विश्वास कोणी पारखून घेतलेला नसतो. पारखून घेण्याची गरज वाटली नाही, हेच तर त्या शब्दाने सांगावयाचे असते. ३१ ऑगस्ट २०२० रोजी झी मराठी वाहिनीवर ह्याच नावाची मालिका सुरू झाली, आणि जो शब्द आजवर कृतज्ञतेने उच्चारला जात होता तो उपरोधाने उच्चारला जाऊ लागला.

मालिकेचा नायक डॉ. अजितकुमार देव हा गावाचा लाडका डॉक्टर आहे आणि तोच खुनी आहे. किरण गायकवाड ह्यांनी रंगविलेली ही व्यक्तिरेखा सातारा जिल्ह्यातील वाई परिसरात ऑगस्ट २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणावर बेतलेली म्हणून ओळखली गेली. धोम येथील, डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या संतोष पोळ ह्यास अंगणवाडी सेविकांच्या संघटनेतील एका कार्यकर्तीच्या बेपत्ता होण्यासंबंधात अटक झाली. २००३ ते २०१६ ह्या तेरा वर्षांत पाच स्त्रिया व एक पुरुष अशा सहा जणांचे खून केल्याचा आरोप पोलिसांनी त्याच्यावर ठेवला. धोमला पुरलेले मानवी अवशेष उकरून काढण्यात आले, आणि त्याच्याबरोबर काम करणारी परिचारिका पुढे माफीची साक्षीदार झाली. आरोपांचे न्यायालयीन मूल्य ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. समीक्षेपुढील प्रश्न वेगळा आहे. घटितापासून मालिकेपर्यंतच्या प्रवासात काय गळून पडले, काय नव्याने आले, आणि ह्या अदलाबदलीत प्रेक्षकाला कोणत्या जागी बसविण्यात आले, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रेक्षकाची ही जागा पाहावयाची तर एखाद्या नेमक्या गावातून पाहिलेली बरी. वाईहून महामार्गाने दक्षिणेला काही तासांच्या अंतरावर वारणानगर आहे. पन्हाळा तालुक्यातील ही वसाहत सहकारी साखर कारखाना, दूध संघ, ग्राहक भांडार, शाळा आणि महाविद्यालये ह्यांच्या भोवती गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आली. तात्यासाहेब कोरे ह्यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. पहाटे धारा काढावयास उठणाऱ्या घराला रात्री साडेदहाची वेळ मुळात परकी. तरी वारणेच्या काठी ही मालिका परकी वाटण्याचे कारण नव्हते. तिच्यातील सरू आजीच्या म्हणी आणि शिव्या, बोळातल्या गप्पा, दवाखान्याच्या बाकावर बसून सांगितली जाणारी घरातली दुखणी हे सारे कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातील माणसाला ऐकून ठाऊक असते. शिवाय तो काळ कोविडच्या साथीचा होता. डॉक्टरांना देवमाणूस म्हणणे त्या महिन्यांत वृत्तपत्रांतही नित्याचे झाले होते आणि दवाखान्याची भीतीही घराघरात शिरली होती. कृतज्ञता आणि भय एकाच माणसाभोवती एकवटलेल्या त्या दिवसांत मालिकेने दोहोंना एकच चेहरा दिला.

आता मूळ प्रकरणातील एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. तेरा वर्षे कोणाला काही ठाऊक नव्हते. माणसे बेपत्ता झाली. त्यांच्या घरच्यांनी वाट पाहिली. कोणी निघून गेले असावे, कोणाचे बरेवाईट झाले असावे, असे तर्क झाले असतील. पोलिसांच्या म्हणण्यानुसार जे घडले ते खरे मानले, तरी त्या घडण्याचे स्वरूप आसपासच्या माणसांच्या दृष्टीने 'काहीच न घडणे' असे होते. दवाखाना चालू होता. रस्त्यात भेट झाली की नमस्कार होत होता. ह्या प्रकरणाचे खरे भीषणत्व मृतांच्या संख्येत जेवढे आहे तेवढेच ह्या निवांतपणात आहे. न-कळणे हा ह्या घटिताचा गाभा होय.

मालिका नेमका हाच गाभा काढून टाकते. डॉक्टर खुनी आहे हे प्रेक्षकाला आरंभीच्या भागांतच कळते आणि पुढील प्रत्येक प्रवेश त्या ज्ञानाच्या उजेडात पाहिला जातो. पडद्यावरील गाव त्याला देवमाणूस म्हणते तेव्हा पडद्यासमोरचे गाव हसते किंवा शहारते. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत ह्याला नाट्यात्म उपरोध म्हणता येईल, आणि तो काही नवा दोष नव्हे. सोफोक्लीझच्या 'ईडिपस'चा प्रेक्षक नायकापेक्षा अधिक जाणत असतो. परंतु तेथे अज्ञानात असतो तो स्वतः नायक. तो सत्याकडे चालत जातो आणि प्रेक्षकाचे अधिकचे ज्ञान त्याच्याविषयीच्या करुणेत रूपांतरित होते. 'देवमाणूस'मध्ये ज्ञानाची वाटणी वेगळ्या रीतीने झाली आहे. जाणणारे दोघेच, खुनी आणि प्रेक्षक. न जाणणारे बाकी सगळे, आणि त्यांत मरणारेही आले. खुनी एकटा असतो तेव्हा कॅमेरा त्याच्याजवळ थांबतो. त्याचे बेत, त्याची चिडचीड, पकडले जाण्याच्या क्षणी त्याला फुटलेला घाम हे सारे प्रेक्षकाला आतून दिसते. ज्याच्या मनात आपण वस्ती करतो त्याची सुटका व्हावी असे नकळत वाटू लागते, हे कथनशास्त्राला ठाऊक असलेले जुने सत्य आहे. मृत स्त्री मात्र बाहेरूनच दिसते. ती येते, विश्वास टाकते आणि जाते.

ह्याचा परिणाम केवळ भावनिक नाही, तो ज्ञानात्मक आहे. अधिक जाणणाऱ्या प्रेक्षकाला न जाणणारी माणसे भोळी, आणि थोड्याच दिवसांत मूर्ख वाटू लागतात. 'हिला एवढेही कळू नये?' हा मालिका पाहताना सहज तोंडी येणारा उद्गार निरागस नाही. तो मृत्यूच्या जबाबदारीचा एक अंश मरणाऱ्याच्या पदरात टाकतो. प्रत्यक्ष प्रकरणात ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांनाही हा प्रश्न शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकावा लागतो, आणि त्यांच्याजवळ त्याला उत्तर नसते. मालिकेने ते उत्तर देण्याची संधी घेतली नाही. तिने तो प्रश्न अधिक मोठ्या आवाजात विचारावयास प्रेक्षकाला शिकविले.

वस्तुतः न जाणता विश्वास टाकणे हा मूर्खपणा नसून एकत्र जगण्याची अट आहे, ही गोष्ट वारणानगरसारख्या ठिकाणी वेगळी समजावून सांगावी लागू नये. येथील शेतकरी आपला ऊस काट्यावर सोडतो आणि हातात पडेल ती पावती घेतो. साखरेचा उतारा किती पडला हे त्याला स्वतःला मोजता येत नाही, आणि त्या उताऱ्यावर त्याचा दर ठरतो. घरची बाई दुधाची किटली संकलन केंद्रावर नेते. फॅट किती लागली ते यंत्र सांगते. औषधाच्या बाटलीत काय आहे हे रोग्याला ठाऊक नसते आणि इंजेक्शनच्या सुईत काय आहे हे तर नसतेच. ह्या साऱ्या ठिकाणी माणूस आंधळेपणाने नव्हे, तर व्यवस्थेच्या भरवशावर विश्वास टाकीत असतो. काटा तपासला जातो, हिशेब लेखापरीक्षकापुढे जातो, वार्षिक सभेत उठून विचारता येते, डॉक्टरांची नोंदणी कोठेतरी झालेली असते, असे गृहीत धरूनच तो चालतो. सहकाराची चळवळ विश्वासावर उभी राहिली असे आपण म्हणतो तेव्हा तो विश्वास पावती, सभा आणि तपासणी ह्यांनी बांधलेला होता हे विसरता कामा नये.

म्हणूनच मूळ प्रकरणातील विश्वासघात हा एका माणसाच्या दुष्टपणापुरता नव्हता. वैद्यकीय पात्रतेविषयी प्रश्न असलेला मनुष्य इतकी वर्षे डॉक्टर म्हणून कसा वावरला, हा नोंदणीचा आणि तपासणीचा प्रश्न होता. बेपत्ता माणसांच्या तक्रारी एकमेकींशी जोडून का पाहिल्या गेल्या नाहीत, हा पोलीस यंत्रणेचा प्रश्न होता. अटकेनंतरच्या वृत्तपत्रीय वृत्तांतांत आणखी एक विलक्षण गोष्ट आली होती: माहितीच्या अधिकाराचा वापर करणारा, भ्रष्ट अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रारी करणारा म्हणून हा मनुष्य परिसरात ओळखला जात होता आणि त्यामुळे यंत्रणा त्याच्यापासून अंतर राखून होती. म्हणजे वास्तवातील 'देवमाणूस' गोड बोलून स्त्रियांना भुलविणारा नायक एवढाच नव्हता. कागदाचे, अर्जाचे, तक्रारीचे सामर्थ्य ओळखून त्याचे चिलखत करणारा तो एक आधुनिक मनुष्य होता. लोकशाहीची साधनेच ज्याचे आवरण झाली अशा माणसाची ही कथा ग्रामीण महाराष्ट्राविषयी, तिथल्या कचेऱ्यांविषयी आणि तिथल्या भीतीविषयी किती सांगू शकली असती! मालिकेने ह्या आशयाऐवजी वासनेचा आणि लोभाचा आशय निवडला. एकामागून एक स्त्रिया डॉक्टरच्या मोहात पडतात आणि जिवाला मुकतात. सार्वजनिक अपयशाचे असे खाजगी अपयशात रूपांतर झाले की कोणत्याही कचेरीला खुलासा करावा लागत नाही.

ही निवड लेखक-निर्मात्यांच्या वैयक्तिक रुचीची आहे असे मात्र म्हणता येणार नाही. दैनंदिन मालिका ह्या रूपबंधाची ती गरज आहे. गुन्ह्याची कथा दूरचित्रवाणीवर पूर्वीही येत होती. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावरील 'एक शून्य शून्य', पुढे २००३ पासूनची हिंदी 'क्राइम पेट्रोल' ह्यांचा साचा बंदिस्त होता: गुन्हा, तपास, अटक. ह्या साच्यात समाधानाची घाई असली तरी शेवट होता. दैनंदिन मालिकेला शेवट परवडत नाही. तिचा टिकाव तिचा नायक टिकण्यावर अवलंबून असतो; नायक खुनी असेल तर खुनी टिकला पाहिजे. 'देवमाणूस'चे पहिले पर्व ऑगस्ट २०२१ मध्ये थांबले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरे सुरू झाले, आणि २०२५ मध्ये 'मधला अध्याय' ह्या उपशीर्षकाने तिसरे आले. हे उपशीर्षक ह्या रूपबंधाची अनवधानाने केलेली व्याख्याच आहे. शेवट पुढे ढकलता येईनासा झाला म्हणजे कथा मध्यात उघडावयाची. अशा रचनेत प्रत्येक मृत्यू हे नायकाच्या वाटेवरील एक वळण होते. प्रत्यक्षात मृत्यू ही एका घराच्या कथेची अखेर असते आणि तेथे दुसरे पर्व नसते.

मराठी नाट्य-चित्रपरंपरेने प्रत्यक्षातील हत्यांना ह्याहून वेगळ्या रीतीने हाताळलेले आहे, ह्याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. १७९१ साली पुण्यात कोंडून घातलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि घाशीराम कोतवालाला जमावाने ठार मारले, हे घटित. विजय तेंडुलकरांनी १९७२ मध्ये त्याचे नाटक केले तेव्हा त्यांना घाशीराम हा माणूस जेवढा महत्त्वाचा वाटला तेवढीच त्याला घडविणारी आणि गरज संपताच टाकून देणारी सत्ता महत्त्वाची वाटली. पुढे परभणी जिल्ह्यातील मानवत येथील हत्याकांडावर आधारलेल्या 'आक्रीत' (१९८१) ह्या अमोल पालेकर ह्यांच्या चित्रपटाची पटकथाही तेंडुलकरांचीच. तेथेही अंधश्रद्धा, मालकी आणि गावातील सत्ता ह्यांच्या सांध्यावर बोट ठेवलेले दिसते. त्याच प्रकरणावर २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली ती तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी ह्यांच्या लेखनाच्या आधाराने. तेथे प्रेक्षक अधिकाऱ्याबरोबर न-कळण्यातून कळण्याकडे जातो. पुण्यातील १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाची छाया असलेल्या चित्रपटाचे नावच 'माफीचा साक्षीदार' (१९८६) असे होते. कोल्हापूरच्या न्यायालयात २००१ साली ज्यांना फाशीची शिक्षा झाली आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जावरील विलंबाच्या कारणास्तव ज्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली, त्या गावित भगिनींच्या प्रकरणावर 'पोशम पा' (२०१९) हा हिंदी चित्रपट आला. ह्या सर्वांचे वाङ्मयीन मूल्य सारखे नाही. तरी त्यांच्या दृष्टिबिंदूंची यादी केली तर ती अशी होते: सत्ताधीश, तपास अधिकारी, माफीचा साक्षीदार, गुन्हेगार. ज्याचे माणूस घरी परतले नाही त्याचा दृष्टिबिंदू ह्या यादीत जवळजवळ नाहीच.

माफीच्या साक्षीदाराचा उल्लेख आलाच आहे तर न्यायव्यवस्थेने कथनाविषयी घेतलेली एक भूमिका नोंदविणे उपयुक्त होईल. मानवत प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात न्या. यशवंतराव चंद्रचूड ह्यांनी माफीच्या साक्षीदाराच्या जबानीचे मूल्य कसे करावे ह्याची सविस्तर चर्चा केली आहे. गुन्ह्यात जो स्वतः होता त्याला सगळे ठाऊक असते. परंतु त्याच कारणास्तव त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर विसंबणे धोक्याचे, महत्त्वाच्या तपशिलांना स्वतंत्र पुष्टी हवी, हे तत्त्व तेथे दृढ झाले. दुसऱ्या शब्दांत, न्यायालय सर्वज्ञ निवेदकाकडे संशयाने पाहते. मालिकेला असा संशय कधी शिवत नाही. खुनी जे जाणतो ते सत्य, आणि ते सत्य प्रेक्षकाच्या हाती विनापुष्टी दिलेले. जेथे आरोप अद्याप आरोप असतात तेथे मालिकेत खून डोळ्यांदेखत घडलेला असतो, आणि एकदा डोळ्यांनी पाहिलेले मन पुन्हा आरोपाच्या पातळीवर नेऊन ठेवीत नाही.

मालिकेच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. तिने नावे बदलली, गाव बदलले, व्यक्ती कल्पिल्या. त्यामुळे मृतांच्या आप्तांची अप्रतिष्ठा टळली आणि कलाकृतीला तिचे स्वातंत्र्य मिळाले. साधारणीकरणाचा सिद्धांत तरी ह्याहून वेगळे काय सांगतो? हे माझे, हे परक्याचे, ही बंधने गळून पडल्याखेरीज रसास्वाद संभवत नाही. परंतु साधारणीकरण कोणाचे झाले हे विचारणे आवश्यक आहे. येथे खुन्याचे भय, खुन्याची चतुराई आणि खुन्याची सुटका ही सर्वांची झाली. मृतांचे दुःख विशिष्टही राहिले नाही आणि साधारणही झाले नाही. शिवाय नाव बदलण्यात दोन गोष्टी एकदम घडतात. आप्तांना संरक्षण मिळते हे खरे. त्याच क्षणी मालिका मृतांच्या ऋणातूनही मोकळी होते. 'सत्य घटनेवर आधारित' ही कीर्ती तिच्याकडे राहते आणि सत्याचे दायित्व कल्पिताच्या खात्यावर जमा होते. वाई काही काल्पनिक नगरी नव्हे. जी घरे त्या प्रकरणाने विस्कटली त्या घरांतही दूरचित्रवाणी संच असतात.

मालिकेने लोक सावध झाले, हा दुसरा युक्तिवाद. सावधपणा म्हणजे संशय असेल तर तो झालाही असेल. पण एका खऱ्या विश्वासघाताला उत्तर म्हणून सगळ्या विश्वासावरच उपरोधाची छाया पाडणे हे उत्तर नव्हे. डॉक्टरची नोंदणी कोठे पाहावी, बेपत्ता झाल्याची तक्रार घेतली गेली नाही तर पुढे कोठे जावे, हे साध्या व्यवहाराचे ज्ञान शेकडो भागांच्या पसाऱ्यात कथेचा विषय होऊ शकले असते. ते रूक्ष आहे असे म्हणणाऱ्याने लक्षात घ्यावे, की धोमचे प्रकरण उघडकीस आले ते एक बाई घरी परतली नाही म्हणून तिचा शोध घेण्यात आला त्यातून. कोणीतरी न कंटाळता विचारीत राहिले. नाट्य तेथे होते.

पोलीस ठाण्यात बेपत्ता व्यक्तीची नोंद करताना काही ठराविक बाबी लिहून घेतल्या जातात: वय, उंची, वर्ण, अंगावरील कपडे, ओळखीची खूण, घरातून निघाल्याची वेळ, बरोबर काय होते. सांगणाऱ्याला पुढचे काही ठाऊक नसते. कोणत्या रंगाची साडी, पिशवीत डबा होता की नव्हता, जाताना काय म्हणाली, हे तो आठवून आठवून सांगतो, कारण त्याच्याजवळ तेवढेच आहे. एका माणसाचे इतके काळजीपूर्वक केलेले वर्णन मराठी गद्यात अन्यत्र क्वचितच सापडेल. खऱ्या खुनावरील मालिका कधीतरी ह्या नोंदीपासून सुरू करून पाहावयास हवी, आणि प्रेक्षकालाही पुढचे बराच वेळ काही ठाऊक नसावे.